एस्प्रेसोसाठी मिक्सर चालेल का?

प्रश्न : घरी एस्प्रेसोचे यंत्र घेतले आहे. कॉफीच्या बिया मिक्सरमध्ये दळल्या तर चालतील का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही, आणि त्याचे कारण केवळ भांड्यात मुरलेला कांदा-लसूण मसाल्याचा वास एवढेच नाही. मिक्सरच्या पात्याने काही पूड पिठासारखी, तर काही रव्यासारखी होते. मग यंत्रातले सुमारे ९ बार दाबाचे (म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) पाणी पुडीतल्या सैल जागेतून वाट काढते आणि कॉफी एकाच वेळी आंबट व कडू लागते. म्हणून जात्याच्या तत्त्वावर चालणारा, दातेरी चकत्यांमधील अंतर अगदी सूक्ष्म बदलता येणारा बर ग्राइंडर घ्यावा. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरावी; लवकर उतरल्यास दळण आणखी बारीक करावे. खर्च बेताचा ठेवायचा असल्यास हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर मला स्वस्त विजेच्या ग्राइंडरपेक्षा सरस वाटतो.