आफ्रिकन कविता आणि स्पोकन वर्डचा (म्हणजे लोकांसमोर बोलून सादर करायच्या कवितेचा) फेस्टिव्हल बघायचा असेल तर कुठला बघावा?

डरबनचा पोएट्री आफ्रिका, डोळे झाकून. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल युनिव्हर्सिटीचं सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्स १९९७ पासून भरवतंय, साधारण ऑक्टोबरात असतो, आणि नुसतं स्टेजवर कविता वाचन नाही हं, कवी शाळांमध्ये जातात, वर्कशॉप घेतात, पोरांचं स्लॅम, म्हणजे कविता सादर करायची स्पर्धा होते. २०२० मध्ये कोविडमुळे ऑनलाइन झालेला.

पण मला विचाराल तर आधी इम्बोंगी म्हणजे काय ते बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू-खोसा लोकांचा स्तुतिकवी, आपल्या शाहिराच्या जवळचा, फक्त डफ नाही न् कोरस नाही, अंगावर कातडं, हातात काठी, आणि एका दमात राजाची वंशावळ, पराक्रम सगळं धडाधड म्हणत जातो, आणि राजाचं चुकत असेल तर तेही तोंडावर सुनावतो, तो त्याचा मानच आहे. १९९४ ला मंडेलांच्या शपथविधीला झोलानी म्किवा असाच उभा राहिलेला. आजचं स्पोकन वर्ड मला तरी ह्याच मुळावरचं वाटतं.

भाषा कळत नाही म्हणून सोडू नका प्लीज. झुलूत जिभेचे टिचकीसारखे आवाज असतात, आपण हळहळताना च्च्-च्च् करतो ना, अगदी तो आवाज तिथे चक्क एक व्यंजन आहे, आणि असं व्यंजन ओळीत तीनचारदा आलं की ताल आपोआप धरला जातो, वेगळं वाद्य लागतच नाही. हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर ती मजा येत नाही.