वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर घेताना काय पाहावे?

प्रश्न : जुनी नाणी, हरवलेले दागिने आणि ऐतिहासिक अवशेष शोधण्याचा छंद सुरू करावा असे मनात आहे. एका यंत्राच्या माहितीपत्रकात ‘15 किलोहर्ट्झ’ असे असते, दुसऱ्याच्या ‘मल्टी-फ्रिक्वेन्सी’, तर तिसऱ्याच्या ‘पल्स इंडक्शन’. तिन्ही कामांसाठी एकच यंत्र पुरेल का?

उत्तर : पुरेल, मात्र काय शोधायचे यापेक्षा कोणत्या जमिनीत शोधायचे, हे आपण आधी ठरवावे. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्यामुळे धातूच्या तुकड्यात विद्युतप्रवाह घुमू लागतात आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते. अडचण अशी, की मातीतील लोहखनिजे आणि समुद्रकाठची ओली, खारट वाळू यांचाही प्रतिसाद त्याच कॉइलला मिळतो, आणि नाण्याचा बारीक आवाज त्या गोंगाटात बुडून जातो.

एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्रांपैकी 5 ते 8 किलोहर्ट्झची यंत्रे चांदीच्या व तांब्याच्या मोठ्या नाण्यांना चांगली दाद देतात, तर 20 किलोहर्ट्झच्या पुढची यंत्रे सोन्याच्या लहान, पातळ वस्तूंसाठी अधिक संवेदनशील असतात. या दोहोंच्या मधली तडजोड म्हणजे आपण उल्लेख केलेली 15 किलोहर्ट्झची श्रेणी. गॅरेटचे ‘एटी प्रो’ याच फ्रिक्वेन्सीवर चालते. मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींची उत्तरे पडताळत असल्यामुळे मीठ आणि खनिजे या दोन्हींचा प्रभाव बऱ्याच अंशी वजा करू शकते. मायनलॅबचे ‘इक्विनॉक्स 800’ असे चालतेच, शिवाय हवी तर 5, 10, 15, 20 किंवा 40 किलोहर्ट्झपैकी एकच फ्रिक्वेन्सीही त्यावर निवडता येते. पल्स इंडक्शन यंत्र, म्हणजे सलग लहरींऐवजी विजेचे क्षणिक ठोके सोडणारे यंत्र, मीठ व खनिजे यांना सर्वांत कमी भुलते, परंतु लोखंडी खिळा आणि नाणे यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही. म्हणून जुन्या वस्तीच्या, खिळ्यांनी भरलेल्या जागेत ते घेऊन जाणे म्हणजे दिवसभर खिळे उपसणे होय.

माझे मत विचाराल, तर समुद्रकिनारा आणि शेतजमीन अशा दोन्ही ठिकाणी फिरायचे असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्रच घ्यावे. केवळ कोरडी मैदाने आणि शेते असतील, तर मध्यम फ्रिक्वेन्सीचे साधे यंत्र पुरते आणि वाचलेल्या पैशांत हेडफोन, एक लहान कॉइल आणि खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा पिनपॉइंटर घेता येतो. पिनपॉइंटरला दुय्यम समजू नये. खड्डा लहान राहतो आणि नाण्याला खुरप्याचा ओरखडा पडत नाही, तो त्याच्याचमुळे. माती लोहयुक्त असेल, तर ग्राउंड बॅलन्स (मातीचा प्रतिसाद वजा करण्याची जुळणी) स्वतः जुळवता येणारे यंत्र निवडावे. कारखान्यातच ते कायमचे ठरवून दिलेली यंत्रे अशा मातीत विनाकारण वाजत राहतात.

प्रश्न : डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय) लावून फक्त सोन्या-चांदीचे आवाज ऐकता येतील का?

उत्तर : चांदीच्या बाबतीत काही प्रमाणात येतील, सोन्याच्या बाबतीत नाही. पडद्यावर उमटणारा आकडा धातूचे नाव सांगत नाही; वस्तूची वाहकता, आकार, जाडी आणि तिची जमिनीतील ठेवण यांचा तो एकत्रित परिणाम असतो. त्यामुळे सोन्याची नाजूक अंगठी, ॲल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळा आणि डब्याच्या झाकणाची कडी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. फॉइल गाळले की अंगठ्याही गाळल्या जातात, आणि ज्याला दागिने हवेत त्याने बराच कचरा खणायची तयारी ठेवावी. पातळ साखळीचे तर आणखीच कठीण असते. यंत्राला अखंड साखळी जवळजवळ दिसतच नाही, तिच्या सुट्या सुट्या कड्या दिसतात, आणि म्हणून आवाज क्षीण येतो. तुटलेल्या अंगठीचेही असेच होते.

अवशेष शोधणाऱ्याने तर लोखंड पूर्ण गाळूच नये. पितळी गुंड्या, शिशाच्या गोळ्या यांबरोबर अवजारे आणि शस्त्रांचे भागही सापडू शकतात, आणि लोखंडाचा आवाज दाट झाला की तेथे कधीकाळी माणसांचा वावर होता, हीसुद्धा माहितीच असते. अशा जागी लहान डीडी कॉइल (इंग्रजी ‘D’च्या आकाराची, एकमेकांवर थोडी चढलेली दोन वेटोळी असलेली) वापरावी, कारण तिचे क्षेत्र अरुंद पट्टीसारखे असल्याने दोन खिळ्यांमधले नाणे तिला वेगळे काढता येते. अर्थात, जमीनमालकाची परवानगी आणि त्या देशातील पुरातत्त्वविषयक कायदा आधी पाहावा. संरक्षित स्थळी यंत्र नेऊच नये. 2010 मध्ये इंग्लंडमधील फ्रोम येथे डेव्ह क्रिस्प यांना रोमन नाण्यांनी भरलेले मोठे मडके लागले, तेव्हा त्यांनी खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्या मडक्यातील 52,503 नाणी कोणत्या थरात कशी भरली गेली होती, याची नोंद त्यामुळेच होऊ शकली.

प्रश्न : मोठी कॉइल घेतल्यास दुप्पट खोलीवरची नाणी सापडतील का?

उत्तर : नाही. कॉइलपासून दूर जाताना क्षेत्र साधारणपणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, आणि वस्तूचे उत्तर परत येतानाही तसेच घटते. म्हणजे लहान वस्तू दुप्पट खोल असेल, तर तिचा संकेत सुमारे 64 पटींनी कमी होतो. चांगल्या मातीत सामान्य नाणे 20 ते 25 सेंटिमीटरपर्यंत मिळाले तरी यंत्र उत्तम चालले असे समजावे. मोठी कॉइल मोठ्या, खोल वस्तूंसाठी आणि मोकळे शेत लवकर विंचरण्यासाठी उपयोगी पडते. पण ती अधिक माती, अधिक कचरा एकाच वेळी पाहते, बारीक दागिन्यांना कमी दाद देते आणि तासाभरात मनगट दुखवते. 28 सेंटिमीटरच्या आसपासची प्रमाणित कॉइल आणि 15 सेंटिमीटरची दुसरी, एवढे पुरेसे आहे. दुकानात हवेत नाणे फिरवून दाखवलेल्या अंतरावर विसंबू नये, कारण हवेत खनिजे नसतात. शक्य असेल तर यंत्र आपल्याच जमिनीवर चालवून, ते हातात पेलते का आणि तेथे शांत राहते का, हे पाहूनच घ्यावे.