वजन उतरत नाही म्हणजे इच्छाशक्ती कमी आहे का?

तुम्ही विचारलंय की वजन कमी करण्यात मनाचा वाटा किती टक्के असतो, आणि 'तू मनावरच घेत नाहीस' असं घरचे म्हणतात ते खरं का. टक्क्यांचं राहू द्या, तसला हिशोब मांडता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देतो, कारण हेच वाक्य मी नऊ वर्षं ऐकलंय. ते खोटं आहे.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलो. बाराव्या वर्षी तालमीत गेलो तो चोविसाव्या वर्षापर्यंत. पहाटे चारला उठून हौद्यातली माती उकरायची, मग जोर, मग बैठका, हजाराच्या खाली कधी नाही. ७४ किलोत खेळायचो. वजन द्यायच्या आधी आठ दिवसांत पाच किलो उतरवायचो, शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा घोटघोट. खासबागच्या कुस्ती मैदानात, मातीत दोनदा लढलोय. जिद्द म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, एवढं कळावं म्हणून हे सांगतोय.

मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. कुस्ती सुटली, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लागलो. कुस्ती सुटली तरी खुराक सुटला नाही. गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो की दूधवाला न विचारता फेसाळ दुधाचा मोठा ग्लास पुढं करायचा, "घ्या पैलवान." तो ग्लास परत करायचा म्हणजे मी आता पैलवान नाही हे चारचौघांत कबूल करायचं. तीन वर्षं मला ते जमलं नाही. लोक त्याला खादाडपणा म्हणाले. मी म्हणतो ते कुस्तीचं सुतक होतं आणि मी ते ताटात पाळत होतो. वजन १०८ वर गेलं.

गावाकडं म्हाई, म्हणजे मटणाचं गावजेवण होतं. पंगत बसलेली, पांढरा रस्सा वाढून झालेला, तांबडा यायचा होता. आमचे चुलते, तात्या, पंगतीत फिरत होते. माझ्यासमोर थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पैलवानाचं प्वाट बघा की रं. मनावर घेतलं तर म्हैन्यात उतरंल, पर जिद्द नगं व्हय?" पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो.

बायको-पोरं गावातच मुक्कामाला राहिली, मी एकटा गाडी काढून कोल्हापूरला आलो. वाटेत गाड्यावर सहा वडे आणि ब्रेड बांधून घेतले. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला अंधारात गाडी लावली आणि उभ्यानं सगळं खाल्लं. भूक म्हणाल तर दुसऱ्या वड्यालाच संपली होती. पेपर तेलानं पार ओला झालेला. तो मी घडी घालून खिशात ठेवला, कारण कचरापेटीजवळ दिवा होता आणि ओळखीचं कुणी बघेल असं वाटलं. दोन दिवसांनी बायकोनं पँट धुवायला घेतली तेव्हा तो तिच्या हाताला लागला. ती काही बोलली नाही. पेपर टाकला आणि खिशाचा डाग साबणानं घासत बसली.

त्यानंतर तिच्याच आग्रहानं आमच्या घरच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, काय खाता ते नंतर बघू. कधी खाता आणि त्याच्या आधी काय घडलं होतं, एवढं लिहून आणा. खिशातल्या डायरीत पंधरा दिवस लिहिलं. लपून खाल्लेल्या सात रात्री निघाल्या. तीन नाइट शिफ्टच्या, दोन तात्यांच्या फोननंतरच्या, दोन तालमीवरून गेलो होतो त्या दिवसाच्या. भुकेची एकही नाही.

मग मी या विषयावर वाचायला लागलो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे निम्म्यासारख्या आहारावर ठेवलं होतं. युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणून सरकारपुढं ठाम उभी राहिलेली, स्वतःहून आलेली ही माणसं. तरी ती दिवसरात्र जेवणाचाच विचार करायला लागली, ताटं चाटायला लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. त्यांची इच्छाशक्ती कमी होती, असं कोण म्हणेल? १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी दाखवलं की सतत स्वतःला आवरून खाणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजलं तर ते पुढं आइस्क्रीम कमी न खाता उलट जास्त खातात. मोडलाच उपास, तर मग पोटभर. माझा तिसरा ते सहावा वडा असाच गेला.

आणि तात्यांसाठी हे: २०१४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २,९४४ लोकांची चार वर्षांची माहिती तपासली. वजनावरून हिणवलं गेल्याचं ज्यांनी सांगितलं त्यांचं वजन सरासरी सुमारे एक किलो वाढलं होतं, बाकीच्यांचं थोडं उतरलं होतं. बोलून वजन उतरत असतं तर मी कधीच ७४ वर आलो असतो.

मी काय केलं ते थोडक्यात. दूधवाल्याला सांगितलं, कुस्ती सुटली, लहान ग्लास द्या. तो "बरं" म्हणाला, एवढंच. नाइट शिफ्ट बदलून घेतली, कारण झोप मोडली की भूक खवळते. वडा खायचाच तर घरात, ताटात घेऊन, बायकोसमोर खायचा. दोन वर्षांत ९१ वर आलो. मध्ये दोनदा चार-चार किलो परत चढले, पण लपवाछपवी परत सुरू झाली नाही.

हे सगळ्यांना लागू होईलच असं नाही. तुम्ही डाएट आणि व्यायाम दोन्ही करताय, तरी काटा हलत नाही म्हणता, तर आधी थायरॉइड तपासा. बाई असाल तर पीसीओएस, म्हणजे पाळीशी निगडित हार्मोनचा त्रास, तोसुद्धा. स्टेरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. खाऊन मुद्दाम उलटी काढण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

पण घरच्यांना पहिल्यांदा एक सांगा, ताटावर बसलेल्या माणसाच्या शरीरावरून बोलायचं नाही. यंदाच्या दसऱ्याला तात्या आमच्याकडं जेवायला होते. माझा पोरगा बारा वर्षांचा, अंगानं भरलेला. त्यानं दुसरी पोळी घेतली आणि तात्या म्हणाले, "बापावर गेलंय." पोराचा हात ताटातच थांबला. मी म्हणालो, "तात्या, माझं झालं ते झालं. पोराला ताटावर बोलायचं नाही." ते तसेच हात धुऊन निघून गेले, अजून फोन नाही. पोरानं ती पोळी तुपाबरोबर खाल्ली.