नळाला झिणझिण्या येतात, तिथं नवा शॉवर बसवू नका

प्रश्न : मंगळवार पेठेत आमचं १९७८ सालचं दुमजली घर आहे. वरच्या न्हाणीतला तीन लिटरचा इन्स्टंट गिझर गेल्या आठवड्यात बंद पडला. धाकटे दीर इंग्लंडला असतात, त्यांनी येताना साडेआठ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर आणलाय. आमचा वायरमन म्हणतो, "वहिनी, जुन्याच पॉइंटवर बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम." पण दोन महिन्यांपासून ओल्या हातानं नळ सोडला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. घरातले म्हणतात, जुना गिझर गेला, आता तो त्रासही जाईल. खरंच जाईल का? बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट लिहिलाय.
(एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : ताई, जाणार नाही. झिणझिण्या काही दिवस थांबतील, आणि मला भीती त्याचीच वाटते.

तुमच्या घरात एक नव्हे, दोन बिघाड आहेत. पहिला गिझरमधला. एलिमेंटचं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीचं, आवरण फुटलं असणार आणि करंट पाण्यात, पत्र्यावर उतरत असणार. तो गिझरबरोबर जाईल. दुसरा बिघाड भिंतीतला. अर्थिंग नीट असतं तर तो करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत गेला असता, तुमच्या बोटांपर्यंत आलाच नसता. म्हणजे त्या पॉइंटला अर्थ पोचतच नाही. नवं मशीन लावा, पाणी झकास तापेल, कारण पाणी तापायला फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) पुरतात. अर्थ नसल्याचं मशीन कधी सांगत नाही. तीन-चार वर्षांनी नवा एलिमेंट फुटेल तेव्हाच कळेल, आणि तेव्हा अंगावर साबण लावून कोण उभं असेल, ते कुणी सांगावं?

आणखी एक आठवून बघा. गिझरचं बटण बंद असतानाही झिणझिण्या येत होत्या का? येत असतील तर बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असू शकतं, म्हणजे बटण बंद करूनही एलिमेंटला फेज मिळतच असेल. खात्री करायला म्हणून पुन्हा हात लावू नका. आज त्या पॉइंटचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पाडून ठेवा आणि माळ्यावर तांब्याचा बंब असेल तर चार दिवस तोच पेटवा.

मी ३४ वर्षं कोल्हापुरात वायरिंग केलं. शिवाजी पेठेतलं एक घर मला विसरता येत नाही. तिथली बारा वर्षांची पोर आईला रोज सांगायची, "पाणी चावतंय." थंडीमुळं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मी गेलो, नळाला टेस्टर लावला, तर दिवा लागला. बोर्डातून अर्थची तांब्याची वायर निघाली होती, व्यवस्थित क्लॅम्प मारून पाण्याच्या लोखंडी पाइपला जोडलेली. जुन्या घरांत तशीच पद्धत होती, आणि पाइप जमिनीत असेपर्यंत ती चालून जायची. पण मधल्या काळात पाइप गंजला म्हणून प्लंबरनं खालचा तुकडा कापून सीपीव्हीसीचा टाकला. प्लास्टिकमधून अर्थ कसा जाणार? प्लंबरचं काम चोख, वायरमनचंही चोख, आणि दोघांच्या मधे त्या घराचं अर्थिंग तुटलं. उलट अर्थच्या वायरीतून फेज सगळ्या नळांवर पसरत होता. तुमचं घर १९७८ चं आहे, म्हणून पहिली शंका मला हीच येते. पाइपलाइन कधी बदललीत, ते घरात विचारा.

आता शॉवरबद्दल. दिरांनी मायेनं आणलाय, पण तो बसवू नका. साडेआठ किलोवॅट हा आकडा २४० व्होल्टला धरून असतो, म्हणजे जवळपास ३५ अँपिअर. तुमचा जुना गिझर ३ किलोवॅटचा असेल तर तो १३ अँपिअर घ्यायचा. त्याच्यासाठी १६ अँपिअरचं सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरते. इंग्लंडमध्ये या शॉवरला प्लग नसतोच. मेन बोर्डापासून वेगळी लाइन, सहसा १० चौरस मिलिमीटरची जाड केबल, छताला दोरीनं ओढायचा ४५ अँपिअरचा डबल पोल स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि करंटची गळती होताच लाइन तोडणारं ३० मिलिअँपिअरचं उपकरण, एवढा सरंजाम असतो. तो तिथं असतो म्हणून तिथली माणसं त्याखाली निर्धास्त आंघोळ करतात. तुमच्या पॉइंटवर लावलात तर एमसीबी पडेल. मग कुणीतरी म्हणेल, मोठा एमसीबी टाकू. ते तर अजिबात होऊ देऊ नका, कारण मग एमसीबी पडणार नाही आणि भिंतीतली वायर भाजत राहील. मंजूर भार ३ किलोवॅटचा, हा एकटाच त्याच्या तिप्पट जवळ जातो. शिवाय यातल्या बऱ्याच शॉवरना साधारण एक बार दाब लागतो, म्हणजे दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी. तुमची टाकी गच्चीवर असेल, तर वरच्या मजल्यावर शॉवरपर्यंत जेमतेम दोन-तीन मीटर मिळतील. तो धड चालणारही नाही.

आयएसआय मार्कचा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा साठवणीचा गिझर घ्या. नऊ अँपिअरच्या आत भागतं. पण आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. खड्डा नवा, त्यात पुरायचा धातूचा इलेक्ट्रोड नवा, आणि तिथून गिझरच्या सॉकेटपर्यंत सलग हिरवी वायर. काम झाल्यावर अर्थ टेस्टरनं मोजून आकडा दाखवायला सांगा. "लागतंय बघा" म्हणून बल्ब पेटवून दाखवला तर तेवढ्यावर समाधान मानू नका. एप्रिल-मेमध्ये माती सुकली की खड्ड्यात पाणी घालत जा. काही जण कष्ट वाचवायला सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडतात. पुढं कुठं न्यूट्रल तुटला की गिझरचा सगळा पत्रा फेजवर येतो. हे मी एकाहून जास्त घरांत उघडून पाहिलंय. सॉकेट तुमच्यादेखत उघडायला लावा.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला मारायला लागणारा करंट त्याच्या हिशेबात येतच नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो, फरक पडला की लाइन तोडतो. अर्थ असेल तर गळती सुरू होताच तो पडतो. अर्थ नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत वाट बघतो. म्हणून दोन्ही हवेत. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्यानं अर्थिंग तपासलं जात नाही, एवढं ध्यानात असू द्या.

गिझर काढताना मेन स्विच पाडला तरी घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. वायरमननं टेस्टर आधी चालू पॉइंटवर, मग कामाच्या पॉइंटवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर लावून बघावा, म्हणजे टेस्टरच बिघडलेला नाही हे कळतं. गिझरचं बटण डबल पोल असावं आणि न्हाणीच्या बाहेर असावं. गिझरची टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून धार येईपर्यंत ते चालू करू नका, कोरडा एलिमेंट लगेच जळतो.

प्रश्न : गिझर लावला की दहा मिनिटांत आरसीसीबी पडतो. तो काढून टाकू का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : दादा, नका काढू. गिझरचा प्लग काढून आरसीसीबी चढवा. दिवसभर टिकला तर दोष गिझरचा, बहुतेक वेळा एलिमेंटचाच. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यावर क्षाराचा जाड थर बसून तो फुटला असेल. एलिमेंट बदलायचा खर्च नव्या गिझरपेक्षा पुष्कळ कमी. प्लग काढूनही पडत असेल तर त्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनमध्ये मिसळलाय का ते वायरमनकडून बघून घ्या. तोवर गिझर लावू नका.