भेटीआधी नाव नीट लिही

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सरहद्दीवर ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी काम करायला टेक्सासला जायचं म्हणतेस. जा. फक्त रडणाऱ्या पोरांना पोटाशी धरण्याचं चित्र डोळ्यांपुढे असेल, तर ते इथेच ठेवून जा. हे काम बहुतांशी कागदांचं आणि फोनचं आहे, आणि त्यातही नावांचं.

2018 मध्ये काय झालं ते आधी समजून घे. अमेरिकी सरकारने 'झिरो टॉलरन्स' धोरण आणलं: चोरवाटेने सरहद्द ओलांडणाऱ्या प्रत्येकावर फौजदारी खटला. आईबाप कोठडीत गेले की मूल कागदोपत्री 'एकटं आलेलं' ठरायचं आणि दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात जायचं, कधी थेट न्यूयॉर्कला. जूनमध्ये न्यायाधीश डॅना सॅब्रॉ यांनी आदेश दिला: पाच वर्षांखालची मुलं 14 दिवसांत, बाकीची 30 दिवसांत आईबापांकडे सोपवा. मग उघड झालं की कुणाचं मूल कोणतं, याची धड नोंदच नाही! कैद्याच्या चीजवस्तूंची नोंद चोख असते, मुलांची तेवढीही नाही, असं न्यायाधीशांनीच आदेशात लिहिलं. चारशेहून अधिक आईबापांना तोवर मुलांविनाच मायदेशी धाडलं होतं.

म्हणून नावापासून सुरुवात कर. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. फॉर्म भरणारा शेवटचं तेवढं उचलतो आणि बाप-लेकाची आडनावं वेगळी दिसू लागतात. आपल्या मधल्या नावाचं अमेरिकेतले फॉर्मवाले काय करतात ते तुला ठाऊक आहेच. दोन्ही आडनावं लिही, जन्मतारीख लिही आणि 'ए-नंबर', म्हणजे सरकारने परदेशी माणसाला दिलेला नोंदणी क्रमांक, दोनदा तपास. आईचा वेगळा असतो, मुलाचा वेगळा.

चार वर्षांच्या पोराला आईचं नाव विचारशील तर ते 'मामी' (स्पॅनिशमध्ये आई) म्हणेल, बास. मग घराजवळ दुकान कुणाचं, शाळेत जाताना नदी लागते का, आजीला शेजारी काय हाक मारतात, हे विचार. डोंगरातल्या वस्त्यांत घरांना नंबर नसतात. 'जस्टिस इन मोशन' या संस्थेबरोबर काम करणारे तिथले वकील तुटपुंज्या माहितीवर गावोगाव विचारत फिरले, मोटारसायकलवर, कधी पायी. रेडिओवरूनही निवेदनं दिली गेली. फाईलमधली तुझी एक ओळ अशा माणसाची चार दिवसांची पायपीट वाचवू शकते.

भाषेचं म्हणशील, तर तुझ्या स्पॅनिशवर फार विसंबू नकोस. ग्वाटेमालातल्या वेवेतेनांगोकडच्या कित्येकांची भाषा माम ही तिथली आदिवासी भाषा असते आणि फाईलवर मात्र 'स्पॅनिश' लिहिलेलं असतं. बाई 'सी, सी' (हो, हो) करत मान हलवते, ती धाकाने. माम दुभाषा शोध, मग काय समजलं ते तिच्याच तोंडून ऐक आणि त्यानंतरच सही. 2018 मध्ये न समजलेल्या कागदांवर कित्येकांनी सह्या केल्या होत्या. तुझं हिंदी-पंजाबीही वाया जाणार नाही; पंजाब-हरियाणाची माणसं याच वाटेने येतात.

एक गोष्ट तुला जड जाईल. परत पाठवलेल्या आईला विचारावं लागतं: मूल तुझ्याकडे धाडायचं, की अमेरिकेतच नातेवाइकांकडे राहून त्याने आश्रयासाठी अर्ज करायचा? ती म्हणेल, राहू दे तिथेच. गावात पोराच्या जिवाला धोका आहे, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. दोन्ही वाटांचे परिणाम सांग, तिला वेळ दे आणि तिने ठरवलेलं लिहून घे. 'पण तुम्हाला आठवण नाही का येणार?' हा प्रश्न चुकूनही विचारू नकोस.

भेटीच्या दिवशी कॅमेरेवाल्यांना लांब ठेव. महिनोन् महिने दूर राहिलेलं लहान मूल आईला ओळखत नाही, तिच्या हातून सुटून आश्रयगृहातल्या बाईकडे धावतं. आईला याची कल्पना आधीच देऊन ठेव, म्हणजे ती स्वतःला दोष देणार नाही. पुढे पोर रात्री दचकून उठतं, आईला न्हाणीघरातही एकटी सोडत नाही. या कुटुंबांना मानसोपचाराची मदत मिळावी अशी तरतूद ताटातुटीच्या खटल्यात सरकारशी झालेल्या, डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत आहे, पण पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो. फाईल बंद करण्याआधी कुणाकडे आणि कसा अर्ज करायचा ते त्यांच्या भाषेत सांग, आणि अर्ज शक्यतो तुझ्यासमोरच भरून घे.

तुझी,
मावशी