आमच्याबद्दल काय लिहिणार तुम्ही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी मानसशास्त्रात एमए करतेय. स्थलांतरित कुटुंबातली मुलं शाळा का सोडतात हा माझा विषय. एथिक्स कमिटीने फॉर्म पास केलाय, पालकांच्या सह्या घेतल्यात, नावं कुठेच टाकलेली नाहीत. पण एका आईने सही करून पेन परत दिलं आणि विचारलं, "आमच्याबद्दल काय लिहिणार तुम्ही?" मला उत्तरच सुचलं नाही. गाईड म्हणतात नियम पाळलेत ना, मग पुढे चल. काही चुकतंय का माझं? प्रश्नावली सोबत जोडतेय.

उत्तर : नियमात तुझं काही चुकलेलं नाही आणि तुझे गाईडही खोटं बोलत नाहीयेत, पण त्या बाईंनी जे विचारलं ते खरं म्हणजे कमिटीनेच तुला विचारायला पाहिजे होतं.

होतं काय, वर्गात एथिक्स शिकवतात तेव्हा मिल्ग्रॅमचं शॉकचं मशीन (हुकूम मिळाला म्हणून माणूस दुसऱ्याला शॉक देतो का, हे बघणारा प्रयोग, शॉक खोटे होते) आणि झिंबार्डोचा तुरुंग (विद्यार्थ्यांनाच पहारेकरी आणि कैदी बनवलेला) एवढ्यातच तास संपतो. १९७१ मधला तो तुरुंग दोन आठवडे चालायचा होता, सहा दिवसांत गुंडाळावा लागला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे डोक्यात बसतं की एथिक्स म्हणजे समोर बसलेल्या माणसाला छळायचं नाही, बास. आणि तू तर कोणाला छळलं नाहीस, नुसते प्रश्न विचारलेस. पण सामाजिक विषयांवरच्या रिसर्चमध्ये इजा बऱ्याचदा नंतर होते, रिपोर्ट बाहेर पडल्यावर, आणि तीही अशा माणसांना ज्यांनी कुठल्याच फॉर्मवर सही केलेली नसते.

अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांचं उदाहरण बघ. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारा छोटासा आदिवासी समाज, डायबिटीसने हैराण झालेला. १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं, लोकांनी ते दिलं कारण त्यांना वाटलं आपल्या डायबिटीसवर काहीतरी निघेल. फॉर्मवरची भाषा मात्र ऐसपैस होती आणि त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार, आपसातल्या लग्नांमुळे वाढलेलं रक्ताचं नातं, त्यांचे पूर्वज कुठून आले असल्या विषयांवर काम झालं. २००३ मध्ये त्याच समाजातली एक विद्यार्थिनी एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली, तेव्हा कुठे हे त्यांना कळलं. पुढे कोर्टकचेरी झाली, २०१० मध्ये युनिव्हर्सिटीने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आता सह्या तर तिथेही होत्याच की. पण अख्ख्या समाजावर वेडाचा आणि रक्तातल्या दोषाचा शिक्का बसू शकतो, याची परवानगी कोणी दिली होती?

आता तुझ्या प्रश्नावलीकडे येते, खरं सांगू का, माझी अडचण तिथेच आहे. मुलाला अभ्यासाची आवड आहे का, चिकाटी किती, राग आवरता येतो का, आईवडील अभ्यासाकडे लक्ष देतात का, घरात व्यसन आहे का. सगळं मुलाच्या आत नाहीतर घराच्या आत. वर्षात किती वेळा घर बदललं, शाळा किती लांब, वर्गात बोलतात ती भाषा घरी कोणाला येते का, मधेच आलेल्या मुलाला शाळेने दाखल करून घेतलं का, यातलं एकही नाही. मग तू कितीही भारी स्टॅटिस्टिक्स लावलंस तरी दोष मुलाचा किंवा पालकांचाच निघणार, जे मोजलंच नाही ते निष्कर्षात येणार कुठून! कॅप्लन आणि नेल्सन या दोन संशोधकांनी १९७३ मध्येच हे लिहून ठेवलंय, की मानसशास्त्रज्ञ सामाजिक प्रश्न हातात घेतात आणि कारण माणसात शोधतात, परिस्थितीत नाही, आणि ज्यांच्या हातात परिस्थिती बदलणं असतं त्यांना हे फार सोयीचं पडतं. इतकी वर्षं झाली तरी आपण तेच करतोय, असो.

आणि नावं काढली म्हणजे झालं, यावर फार विसंबू नकोस. माझाच किस्सा सांगते. हॉस्टेलमधल्या मुलींच्या एकटेपणावर आमचा एक अभ्यास होता, मी हौसेने गटवार तक्ता टाकला, वय, विषय, वडिलांचं काम, सगळं. एका चौकटीत फक्त तीनच मुली आल्या होत्या आणि तिघींचाही स्कोअर "गंभीर" मध्ये. रिपोर्ट वाचून वॉर्डनने दुपारपर्यंत तिघींना बोलावून घेतलं, समजवायला म्हणे. त्यातली एक मला नंतर जिन्यात भेटली, बोलली काहीच नाही, नुसती बाजूला सरकून मला वाट करून दिली. तेव्हापासून लहान गट मी एकत्र करूनच छापते, मग तक्ता कितीही बोडका दिसू दे.

तर तू एक कर, त्या आईकडे परत जा. सांग की अजून काही लिहिलेलं नाही, लिहिलं की आधी तुम्हाला वाचून दाखवेन, आणि शाळेबद्दल काय विचारायला हवं ते तुम्हीच सांगा. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या की त्या प्रश्नावलीत घाल आणि कमिटीकडून पुन्हा मंजुरी घे. महिनाभर जाईल, गाईड कुरकुरतील, कुरकुरू देत.

प्रश्न : एवढे धोके असतील तर जात, वंश, गरिबी, लैंगिकता असल्या विषयांना हातच न लावणं बरं नाही का? संशोधकाला पण त्रास, लोकांना पण त्रास.

उत्तर : सोपं आहे, पण बरं नाही. जोन सीबर आणि बार्बरा स्टॅनली या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये अशा नाजूक विषयांवर लेख लिहिला त्यात अगदी हेच म्हटलंय, की वादग्रस्त आहे म्हणून विषय टाळणं हीसुद्धा जबाबदारी टाळणंच आहे.

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय नवराबायकोचा बाहुल्यांचा प्रयोग आठवतो का? १९४० च्या आसपासचा. तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुलं, समोर बाहुल्या, फरक फक्त रंगाचा. तुला खेळायला आवडेल ती दे, छान बाहुली कोणती, वाईट दिसते ती कोणती, असं विचारत जायचं आणि शेवटी शेवटी म्हणायचं, तुझ्यासारखी दिसते ती दे. जास्त मुलांनी गोरीला छान आणि काळीला वाईट म्हटलेलं असायचं, आणि मग हा प्रश्न. काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली, असं क्लार्क यांनीच सांगितलंय. आज कुठलीही कमिटी हा शेवटचा प्रश्न बघून अडवेल, आणि मला विचाराल तर थोडंफार अडवावंच, निदान त्या मुलाला नंतर जवळ घेऊन कोण बसणार हे तरी विचारावं. पण वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ज्या अभ्यासांचा हवाला दिला त्यात क्लार्कचं काम होतं. हा अभ्यास झालाच नसता तर बरं झालं असतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्या रडणाऱ्या मुलाचं काय हेही डोक्यातून जात नाही. दोन्ही खरं आहे, मी काही यातून सुटलेली नाही.

प्रश्न : ऑनलाइन सर्व्हे अर्धा भरून सोडला तर चालतं का? आणि आपल्याला न विचारता आपल्यावर प्रयोग होऊ शकतो का?

उत्तर : चालतं, बिनधास्त सोडा, कारणही द्यायची गरज नाही. दुसऱ्याचं उत्तर, होऊ शकतो आणि झालाय. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, मूड बदलतो का म्हणून. परिणाम निघाला अगदी चिमूटभर. २०१४ मध्ये पेपर छापून आला आणि आरडाओरडा झाला तेव्हा सांगितलं गेलं की अकाउंट उघडताना अटी मान्य केल्या होत्यात ना. ज्या जर्नलने तो छापला त्यालाही नंतर लिहावं लागलं की संमतीबद्दल आम्हाला काळजी वाटते, पेपर मात्र मागे घेतला नाही. त्या सात लाखांत आपण होतो का, हे कोणालाही वेगळं कळवलं गेलं नाही.