वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया कितपत सुरक्षित असते? आईसाठी स्लीव्ह करावी की बायपास?

तुमच्या आईचं वय ५२, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ४१, मधुमेह आहे, हे सगळं वाचलं. पण मी अडकले ते तुमच्या पुढच्या वाक्यापाशी. ‘डॉक्टर म्हणाले, पित्ताशय काढण्याइतकीच ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे.’ माझ्या ताईलाही अगदी हेच सांगितलं होतं. वाक्य खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे.

आकड्यांचं आधी उरकून टाकते. २००९ साली अमेरिकेतल्या दहा केंद्रांतल्या ४,७७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या ३० दिवसांत ०.३ टक्के दगावले, म्हणजे हजारात तिघं. मोठी गुंतागुंत ४.३ टक्क्यांना झाली. बायपास म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं. दुर्बिणीतून केलेल्या बायपासमध्ये मृत्यू ०.२ टक्के, पोट उघडून केलेल्यात २.१ टक्के. (पोट उघडायची वेळ बहुधा जास्त आजारी माणसांवरच येते, तेव्हा तो फरक नुसता पद्धतीचा नव्हे.) ज्या तब्येतीची माणसं या टेबलावर जातात ते बघता हे आकडे चांगलेच आहेत. टेबलावर काही होईल ही भीती फार बाळगू नका.

पण हे आकडे तिसाव्या दिवशी थांबतात. ताईचा तिसावा दिवस तसा बरा गेला होता. ती त्या अभ्यासात असती तर ‘काही त्रास नाही’ या रकान्यात मोजली गेली असती.

तिची स्लीव्ह झाली. पाऊण जठर कापून काढलं, उरली एक अरुंद नळी. तिसऱ्या दिवशी घरी आली. वजन ११८ होतं. मी हौसेनं एक वही केली, तारीख, वजन, कालच्यापेक्षा किती उतरलं. ती सकाळी काट्यावर उभी राहायची आणि आकडा मी लिहायची. चौथ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. आधी दिवसाआड, मग रोज, मग पाणीही ठरेना. रुग्णालयात फोन केला की उत्तर ठरलेलं. ‘सुरुवातीला होतं असं. घोट घोट घ्या, भराभर गिळू नका.’ भाऊजींनी तेवढंच उचललं. ‘तू हावरटासारखी गिळतेस म्हणून बाहेर पडतं.’ वाटीभर पातळ संपवायला तिला पाऊण तास लागायचा, हे मला दिसत होतं. मी काही बोलले नाही. वजन झपाट्यानं उतरत होतं ना.

जीवनसत्त्वाच्या गोळ्या ती नेमानं घ्यायची. दहा मिनिटांत त्या बाहेर पडायच्या. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असं फोनवर विचारलं की आम्ही ‘हो’ म्हणायचो. खोटं थोडंच बोलत होतो!

सातव्या आठवड्यात ती भिंत धरून चालायला लागली. अशक्तपणा असेल म्हटलं. पायांना मुंग्या येतात म्हणाली, तेही अशक्तपणात घातलं. मग एका दुपारी तिनं विचारलं, दारात दोघं का उभे आहेत? दारात एकटे भाऊजी होते. मी कधी आले, हे तिनं त्या दिवशी मला तीनदा विचारलं. जवळच्या एका रुग्णालयात नेलं. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणून त्यांनी ग्लुकोजची बाटली चढवली. संध्याकाळपर्यंत ती मला ओळखेना.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती. तिनं ताईच्या डोळ्यांसमोरून बोट फिरवलं. बुबुळं बोटामागे सरकेनात, जागच्या जागी थरथरत राहिली. तिनं दोनच प्रश्न विचारले. उलट्या किती दिवस होताहेत, आणि थायमिन दिलंय का. थायमिन म्हणजे बी-१. तीन आठवडे उलट्या चालल्या होत्या आणि तोवर हा शब्द आम्ही कुणाच्याही तोंडून ऐकला नव्हता.

नंतर मी जे वाचून काढलं ते असं. बी-१ चा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणं तुटपुंजं आणि वर उलट्या असल्या की तो संपतो. साखरेपासून शक्ती काढायला पेशींना हेच जीवनसत्त्व लागतं. म्हणून ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही त्यात खर्ची पडतं आणि फटका मेंदूला बसतो. वेर्निके एन्सेफलोपथी म्हणतात याला. डोळे, चाल आणि शुद्ध, तिन्ही बिघडतात. दारूच्या व्यसनात हा आजार होतो, त्यामुळे डॉक्टरांना तो माहीत असतो. पण दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई समोर आली की तो चटकन आठवत नाही. उपाय एवढाच, की शिरेतून थायमिन आधी द्यायचं, ग्लुकोज मागून. रक्ताचा रिपोर्ट येईस्तोवरही थांबायचं नसतं.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन दिवसांत डोळे ताळ्यावर आले. धड चालायला पाच महिने लागले. आता पाच वर्षं झाली. तळपाय अजून बधिर आहेत, आणि काल काय ठरलं होतं ते ती चिठ्ठी बघून सांगते.

भाऊजी सगळ्यांना सांगतात, ‘ऑपरेशननं घात केला, मी आधीपासून नको म्हणत होतो.’ यावरून आमचं पाच वर्षं वाजतंय. मी आजही म्हणते, ऑपरेशननं घात केला नाही. ताईच्या शुगरच्या दोन गोळ्या सुटल्या, झोपेत श्वास अडकायचा तो थांबला, वजन ८३ वर टिकलंय. घात झाला त्या तीन आठवड्यांत. उलटी हे लक्षण आहे, पण आम्ही तो तिचा स्वभाव धरून बसलो. जाड माणसाचं काहीही बिघडलं की आधी त्याच्या खाण्याकडे बोट दाखवायचं ही सवय घरच्यांना असते, आणि माफ करा, दवाखान्यातल्या फोनवरच्या माणसालाही असते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना ‘सुरक्षित आहे का’ असं विचारूच नका. सहाव्या आठवड्यात रात्री अकराला फोन केला तर कोण उचलणार, ते विचारा. उलट्या दोन-तीन दिवसांच्या वर गेल्या तर थेट दाखल करून घ्याल का, आणि सलाईनच्या आधी बी-१ द्याल का, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद आईच्या पर्समध्ये ठेवा, कारण ऐन वेळी तुम्ही त्याच रुग्णालयात असाल असं नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाडी १२० च्या वर गेली आणि उतरेना, तर ताप नसला, पोट दुखत नसलं तरी गाडी काढा. जठराच्या शिवणीतून गळती किंवा फुप्फुसात गुठळी, दोन्हींची पहिली खूण कधी कधी एवढीच असते. बायपास केली तर आणखी एक. दोन-चार वर्षांनीही पोटात अचानक पीळ पडून दुखलं आणि स्कॅन स्वच्छ आला, तरी शल्यचिकित्सकाला दाखवल्याशिवाय परत फिरू नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं आणि ते स्कॅनवर प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि सिगारेट बायपासनंतर कायमच्या बंद, जोडाशी अल्सर होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचे आणि रक्त तपासून घ्यायचं, हे तुम्हाला सांगितलं असेलच.

डॉक्टर कोण, याला मात्र महत्त्व आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या २० शल्यचिकित्सकांनी आपापल्या बायपासच्या चित्रफिती दिल्या, आणि करणारा कोण हे न सांगता त्या इतर शल्यचिकित्सकांना तपासायला लावल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांचा हात सगळ्यात कच्चा ठरला त्यांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के होती, सगळ्यात सफाईदार हातांच्या रुग्णांत ५.२ टक्के. चित्रफीत तुम्हाला कुणी दाखवणार नाही. वर्षाला किती करता, आणि त्यातल्या किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, हे विचारता येतं. त्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका.

आणि भाऊजींसाठी एक आकडा. ते हे वाचणार नाहीत, तरी लिहिते. २००७ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यातला एक मोठा अभ्यास आला. तितक्याच जाड पण ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा बायपास केलेल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी होते. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासात अपघात, आत्महत्या अशा आजाराबाहेरच्या कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त निघाले. त्याची कारणं अनेक असतील, मी त्यात शिरत नाही. पण ज्या घरात माणसाला घासागणिक टोचून बोलतात तिथे ऑपरेशनच्या आधी घरच्यांनाच समुपदेशकाकडे न्यावं असं माझं ठाम मत आहे.

आता वहीचंही सांगते, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. मागच्या वर्षी असंच वाजलं तेव्हा भाऊजींनी ती वही आणून माझ्यासमोर उघडून ठेवली. ४६ वा दिवस. ९९.२. पुढे माझ्या अक्षरात ‘शाब्बास ताई!’ आणि खाली दोन रेघा. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला दाखल केलं होतं. उलट्यांचा रकाना त्या वहीत नव्हताच. यावर मी त्यांना काही बोलू शकले नाही, आजही शकत नाही. तुम्ही वही केलीत तर पहिला रकाना उलट्यांचा ठेवा, दुसरा दिवसभरात पोटात टिकलेल्या पाण्याचा. वजन आठवड्यातून एकदा लिहिलं तरी पुष्कळ.

मी डॉक्टर नाही. ताईसारखं फार थोड्यांचं होतं, बहुतेकांच्या सुरुवातीच्या उलट्या आपोआप थांबतात, तेव्हा माझं वाचून आईचं ऑपरेशन रद्द करू नका. बीएमआय ४१ आणि मधुमेह असताना काहीच न करणं हाही धोकाच आहे.

स्लीव्ह की बायपास हे राहिलंच. मधुमेहासाठी बायपासचं पारडं थोडं जड आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६ किंवा खाली असलेले बायपासमध्ये २९ टक्के होते, स्लीव्हमध्ये २३, नुसत्या औषधांवर ५. म्हणजे ‘शुगर कायमची जाते’ असं कुणी म्हणालं तर ते बहुतेकांना लागू नाही हेही त्यातच आलं. पण निवड शुगरवरच ठरत नाही. छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं असा त्रास आधीपासून असेल तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो आणि मग बहुधा बायपासच सुचवतात. आईला तसा त्रास आहे का? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही.